विमानाचें ठिगळ आणि त्याची परीक्षा

सायकलची ट्यूब फुटली म्हणजे दुरुस्तीवाला काय करतो, हें शाळेंत जाणाऱ्या मुलालाहि ठाऊक असतें. तो भोंकाभोवतालची जागा कानशीनें घासून खरखरीत करतो, तिच्यावर सोल्युशन लावतो, तें थोडें वाळूं देतो, मग रबराचा तुकडा दाबून बसवितो. आणि शेवटीं हवा भरून ती ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडवितो. बुडबुडे आले नाहींत कीं काम झालें. नाशिकच्या इंदिरानगराजवळून जो मुंबई-आग्रा महामार्ग जातो, त्याच्या कडेला हा प्रकार कोणालाहि पाहावयास मिळेल. त्याच महामार्गानें पुढें वीस-पंचवीस किलोमीटर गेलें म्हणजे ओझर लागतें. तेथें हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीचा विमानांचा कारखाना आहे, आणि भारतीय हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती-तळहि आहे. इंदिरानगराच्या पंक्चरवाल्याचें ठिगळ आणि आधुनिक विमानाच्या अंगावरचें ठिगळ हीं एकाच कुळांतलीं आहेत, असें म्हटलें तर श्रोत्यांना कदाचित् थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे.

दोहोंत फरक आहे तो असा. ट्यूबचें ठिगळ सुटलें तर सायकल हातांत धरून घरीं चालत जातां येतें. पंखावरचें ठिगळ दहा हजार मीटर उंचीवर सुटलें तर चालत जाण्यास खालीं रस्ता नसतो. दुसरा फरक याहून अवघड आहे. पंक्चरवाल्याला आपलें काम पाण्यांत बुडवून पाहतां येतें. विमानाच्या ठिगळासाठीं तसें घमेलें अद्याप कोणी शोधून काढलेलें नाहीं. ठिगळ नीट बसलेलें दिसतें, हातानें ओढून निघत नाहीं, यंत्रानें तपासलें तरी निर्दोष ठरतें. आणि तरीहि त्याच्यांत बळ नसूं शकतें. मग त्या बळाचा भरंवसा कशावर ठेवावयाचा, हा प्रश्न आहे.

ओझरचा कारखाना १९६४ सालीं मिग-२१ विमानें बांधण्यासाठीं निघाला. त्या विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याला भेग पडली तर भेगेच्या टोकाशीं भोंक पाडावें, वर पत्र्याचा तुकडा ठेवावा आणि रिव्हेटा ठोकाव्या, हा सरळ लोहारी मार्ग होता. आणि ठोकलेली रिव्हेट डोळ्यांनीं दिसते, मोजतां येते. मिग-२१ ला हवाई दलानें २६ सप्टेंबर १९२५ रोजीं नव्हे, तर तब्बल सहा दशकांच्या सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजीं निरोप दिला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनीं, १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं, ओझरला बांधलेलें पहिलें तेजस मार्क-१ए विमान आकाशांत गेलें. तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकीं सुमारें ४५ टक्के भाग धातूचा नाहींच. तो कार्बनच्या तंतूंचा आणि राळेचा आहे. म्हणजे एका महिन्याच्या आंत जुन्या कारागिरीचें विमान गेलें आणि नव्या कारागिरीचें आलें. नव्या विमानाबरोबर दुरुस्तीचा नवा प्रश्नहि येतो.

हा कार्बनचा पदार्थ समजण्यास आपली गोधडी बरी. केसाच्या दशांशाइतके बारीक तंतु एका दिशेनें समांतर मांडून, इपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवून, त्यांचा जो पापुद्रा तयार होतो त्याची जाडी सुमारें ०.१२५ मिलिमीटर असते. म्हणजे आठ पापुद्र्यांनीं एक मिलिमीटर भरतो. असे पापुद्रे एकावर एक, कांहीं उभे, कांहीं आडवे, कांहीं तिरके, असे रचून दाबाखालीं भाजले म्हणजे विमानाचें कवच होतें. तंतूंच्या दिशेनें ओढलें तर हें कवच वजनाच्या मानानें पोलादालाहि हार जात नाहीं. पण पापुद्र्या-पापुद्र्यांमध्यें जी राळ असते, तिचेंच काय तें बळ. एखादा पाना हातांतून निसटून पंखावर पडला, तर वर नखाएवढाहि खड्डा दिसणार नाहीं, आणि आंत मात्र पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले असतील. पत्र्याला पोचा पडतो, तो आपली तक्रार सांगतो. कार्बनचें कवच दुखणें पोटांत ठेवतें.

दुखावलेला भाग कापून काढला कीं तेथें नवा भाग बसवावयाचा. तो बोल्टांनीं बसवावा कीं चिकटवावा? जाड कवचाला बोल्ट चालतात, आणि लावतातहि. परंतु बोल्टासाठीं भोंक पाडावें लागतें, आणि प्रत्येक भोंकानें शेंकडों तंतु तुटतात. तुटलेल्या तंतूंचा भार शेजारच्यांवर पडून भोंकाच्या कांठाशीं ताण साचतो. पातळ कवचाला हा उपाय रोगापेक्षां जड होतो. चिकटवलेल्या ठिगळाला भोंक लागत नाहीं. भार सबंध पृष्ठभागावर पसरतो, आणि बाहेरची बाजू हवेसाठीं गुळगुळीत राहते. गुण एवढे मोठे आहेत कीं त्यांच्यासाठीं गोंदावरचा अविश्वास गिळणें भाग पडतें.

गोंद म्हटल्यावर पाकिटावरच्या डिंकाची आठवण करूं नये. विमानांत वापरतात तो इपॉक्सी गोंद कापडाच्या पट्टीसारखा गुंडाळीनें येतो, उणें १८ अंशांवर शीतपेटींत ठेवावा लागतो, आणि साधारण १२० किंवा १८० अंश उष्णतेला घट्ट होतो. त्याचें बळ मोजण्याची सर्वांत साधी रीत अशी: ॲल्युमिनियमच्या २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या घ्याव्या, त्यांचीं टोकें एकमेकांवर साडेबारा मिलिमीटर येतील अशीं चिकटवावीं, आणि पट्ट्या ताणयंत्रांत धरून विरुद्ध दिशांना ओढाव्या. चिकटलेली जागा टपालाच्या लहान तिकिटाएवढी. चांगला गोंद दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन सोसतो असें धरलें, तर ह्या तिकिटाएवढ्या जागेवर जवळजवळ ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशें किलो भार टांगतां येईल. एक लहानशी मोटार टांगण्यास तें पुरे आहे.

येथें गणित सोपें वाटूं लागतें, आणि तेथेंच तें फसवितें. तिकिटाएवढ्या जागेनें अकराशें किलो, तर दुप्पट लांब जागेनें बावीसशें किलो, असें कोणीहि म्हणेल. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. कारण पाहावयाचें असेल तर सायकलच्या जुन्या जाड ट्यूबच्या दोन पट्ट्या कापाव्या, त्यांचीं टोकें एकमेकांवर घेऊन चिकटवावीं, आणि सांध्याच्या कडेवर दोन्ही पट्ट्यांना ओलांडून जाणाऱ्या उभ्या रेघा शाईनें जवळ जवळ माराव्या. मग पट्ट्या ओढाव्या. सांध्याच्या दोन टोकांकडील रेघा पुष्कळ कलतील; मधल्या रेघा जवळजवळ उभ्याच राहतील. भार वाहण्याचें काम टोकांकडचा गोंद करतो, मधला नुसता हजेरी लावतो. सांधा लांबविला तर मधल्या हजेरीवाल्यांची संख्या वाढते. टोकांचा भार तेवढाच राहतो. १९३८ सालीं फोल्करसेन नांवाच्या जर्मन अभ्यासकानें ही गोष्ट समीकरणांत मांडली. गोंदाच्या सांध्याचें गणिती शास्त्र सुरू झालें तें येथून.

फोल्करसेननें एक गोष्ट सोडली होती. एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांची ओढ एका रेषेंत नसते; एकीची वरून, दुसरीची खालून. त्यामुळें ओढतांना सांधा वांकतो आणि त्याचीं टोकें उचललीं जाऊं लागतात. १९४४ सालीं गोलंड व रायस्नर यांनीं हें वांकणें हिशेबांत घेतलें. पाकिटावरचें तिकीट सरळ सरकवून निघत नाहीं. पण त्याचा एक कोपरा नखानें उचलला कीं सबंध तिकीट सोलून येतें. विमानाचा गोंदहि असाच आहे. सरकविणाऱ्या ओढीला तो पहाडासारखा उभा राहतो, सोलणाऱ्या ओढीला लवकर शरण जातो. ठिगळ बसविणाऱ्याची सारी विद्या टोकें उचलूं न देण्यांत आहे.

ह्याचें उत्तर जुन्या सुतारांजवळ होतें. तुळई लांबवावयाची असली म्हणजे ते दोन लाकडांचीं टोकें सरळ न कापतां लांब तिरकीं कापून एकमेकांवर बसवीत. कार्बनच्या कवचाचेंहि तसेंच करतात. भोंकाच्या कडा मंद उताराच्या घासून काढतात, आणि नवे पापुद्रे त्या उतारावर एकापेक्षां एक मोठे असे बसवितात. टोंक नावाची जागाच मग उरत नाहीं. प्रत्येक पापुद्रा आपला भार आपल्या जोडीदाराला देतो. उतार किती मंद असावा? सामान्यतः एकास वीस ते एकास साठ. समजा, कवच ३ मिलिमीटर जाड आहे, खराब भाग ५० मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि उतार एकास तीस आहे. तर दर बाजूला ९० मिलिमीटर उतार लागेल, आणि दुरुस्तीचा एकूण व्यास २३० मिलिमीटर होईल. म्हणजे लिंबाएवढ्या जखमेसाठीं ताटलीएवढें चांगलें कवच घासून टाकावें लागतें. नव्या माणसाला हें उधळेपणाचें वाटतें. पण उतार आखूड केला तर गोंदावरचा ताण वाढतो, आणि लांब केला तर निरोगी तंतु अधिक कापले जातात. ह्या दोहोंमधला सौदा करणें हेंच गणिताचें काम.

गोंदाच्या स्वभावाकडे पाहण्याची दृष्टि १९७० नंतरच्या दशकांत बदलली. अमेरिकेंत हार्ट-स्मिथ यांनीं १९७३ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, सांध्याला अत्यंत कडक गोंदापेक्षां थोडा ताणून घेणारा गोंद अधिक उपयोगी पडतो. कडक गोंद टोकाशीं तडकतो आणि तडा पुढें धांवतो; लवचीक गोंद टोकाशीं थोडा सरकतो, शेजारच्याला कामाला लावतो, आणि तुटत नाहीं. त्यांचें दुसरें म्हणणें अधिक मार्मिक आहे. सांध्याच्या मधला तो हजेरीवाला गोंद निरुपयोगी नसतो. टोकांचा गोंद भाराखालीं वारंवार सरकत राहिला तर सांधा हळू हळू लांबत जाईल. मधला बिनताणाचा भाग त्याला भार उतरतांच पूर्वस्थितीला ओढून आणतो. तेव्हां काटकसर म्हणून मधला भाग कमी करणें हें नुकसानीचें.

आतां संगणक आल्यावर हीच गणितें फार बारकाईनें करतां येतात. सबंध ठिगळाचे लाखों लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकड्याचा ताण काढावयाचा, आणि कोणता तुकडा केव्हां हार खातो तें पाहावयाचें. परंतु संगणकाला गोंदाविषयींचे आंकडे कोणी तरी द्यावे लागतात, आणि ते प्रयोगशाळेंतूनच येतात. त्यांतला मुख्य आंकडा तडा वाढविण्यास लागणाऱ्या शक्तीचा. तो काढण्याची रीत बुरुडाला ओळखीची वाटेल. बुरूड बांबूच्या टोकाला कोयता घालतो, आणि दोन्ही फांका ओढून बांबू चिरीत नेतो. प्रयोगशाळेंतहि दोन चिकटवलेल्या पट्ट्या एका टोकाशीं मोकळ्या ठेवून, त्या यंत्रानें एकमेकींपासून दूर ओढतात. किती जोर लागला आणि फट किती पुढें गेली, हें मोजून दर चौरस मीटर फट पाडण्यास किती शक्ति खर्च झाली तें काढतात. फटीच्या शक्तीचा हा विचार ग्रिफिथ यांनीं १९२० च्या सुमारास कांचेसाठीं मांडला होता. शंभर वर्षांनीं तो विमानाच्या गोंदाला लागू पडत आहे. हीच चांचणी सरकविणाऱ्या ओढीसाठीं वेगळी, गरम व दमट हवेंत वेगळी, आणि उंच आकाशांतल्या उणें ५५ अंश थंडींत वेगळी करावी लागते. कारण गोंदाला पाणी मुरलें म्हणजे तो कमी उष्णतेलाच मऊ पडूं लागतो, आणि वैशाखांत उन्हांत उभें असलेलें विमान चांगलेंच तापतें.

मग प्रथम लहान पट्ट्या शेंकड्यांनीं तोडावयाच्या, नंतर ठिगळ लावलेले मोठे तक्ते थोडे, आणि शेवटीं सबंध पंखासारखा एखादा भाग. प्रत्येक पायरीवर गणितानें आधीं भाकित करावयाचें आणि यंत्रानें तें तपासावयाचें. ही रीत खर्चाची व कंटाळवाणी आहे, पण ती सोडून चालत नाहीं.

इतकें सारें झाल्यावरहि एक उणीव राहते. गणित असें धरून चालतें कीं गोंद पृष्ठभागाला खरोखर चिकटला आहे. पृष्ठभागावर तेलकट बोटाचा ठसा असेल, साच्याच्या मेणाचा अदृश्य थर असेल, तर गणिताला तो दिसत नाहीं. म्हणून अनुभवी परीक्षक ताणयंत्राचा आंकडा वाचण्यापूर्वीं तुटलेल्या पट्ट्या हातांत घेतो. दोन्ही पट्ट्यांवर गोंद राहिला असेल, तर गोंद आंतून फाटला. म्हणजे चिकटणें पक्कें होतें. कवचाचाच एखादा पापुद्रा उखडून आला असेल तर त्याहून बरें. पण एका पट्टीवर सगळा गोंद आणि दुसरी धुतल्यासारखी स्वच्छ, असें असेल तर आंकडा कितीहि मोठा येवो, ती पट्टी नापास. उत्तर बरोबर पण रीत चूक अशा गणिताला गुण न देणारे शिक्षक मुलांना कठोर वाटतात. येथें तो कठोरपणा न करणारा परीक्षक माणसें मारील.

ह्या गोष्टीचा धडा भारतांत पूर्वींच मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांचें मॉस्किटो हें विमान लांकडाचें होतें, आणि गोंदानें जोडलेलें होतें. १९४४ च्या अखेरीस भारतांत असलेलीं कांहीं मॉस्किटो विमानें हवेंत मोडलीं, आणि इतर कित्येकांच्या पंखांचें वरचें कवच आधाराच्या लाकडापासून सुटलेलें आढळलें. चौकशीसाठीं हेरवर्ड डी हॅविलंड भारतांत आले. डिसेंबर १९४४ च्या त्यांच्या अहवालांत गोंद निर्दोष ठरला. पावसाळ्याच्या दमट हवेनें लाकूड आकसल्याचें कारण देण्यांत आलें. पुढच्या चौकशींत मात्र विमानें बांधतांनाच सांधे नीट चिकटले नव्हते, असा ठपका आला. दोष हवेचा, लाकडाचा कीं कारागिराचा, ह्याबद्दल शहाण्या माणसांत एवढा मतभेद झाला, ह्यावरूनच सांधा बाहेरून किती मुका असतो तें कळावें.

धातूच्या विमानांचाहि अनुभव निराळा नाहीं. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचें सुमारें साडेपांच मीटर लांबीचें छप्पर उड्डाणांत उडून गेलें, आणि एक परिचारिका प्राणास मुकली. विमानानें त्याआधीं ८९,००० हून अधिक उड्डाणें केलीं होतीं. पत्र्यांचे सांधे गोंद व रिव्हेटा ह्या दोहोंनीं केलेले होते. गोंद वर्षानुवर्षें सुटत गेला, फटींत पाणी शिरून गंज धरला, सारा भार रिव्हेटांवर आला, आणि भोंकां-भोंकांतून बारीक भेगा वाढून एके दिवशीं त्या एकमेकींना मिळाल्या. ज्या दिवशीं तो गोंद लावला त्या दिवशीं तो घट्टच होता. पाण्यानें त्याला आंतून पोखरलें. साध्या ओढीच्या परीक्षेंत हा भेद कळत नाहीं. तो कळावा म्हणून पाचरेची परीक्षा करतात. सुमारें तीन मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे चिकटवून त्यांच्या एका टोकाशीं धातूची पाचर ठोकतात; फट थोडी पुढें जाऊन थांबते. तेथें खूण करून तो नमुना सुमारें ५० अंशांच्या ओलसर उबेंत ठेवतात. पृष्ठभाग नीट तयार केला असेल तर फट जेमतेम कांहीं मिलिमीटर सरकते. नसेल तर ती टोकापर्यंत पळते. ओढीच्या परीक्षेंत दोन्ही नमुन्यांचे आंकडे सारखे येऊं शकतात! एवढ्या स्वस्त परीक्षेनें एवढी महत्त्वाची गोष्ट सांगावी, असें दुसरें उदाहरण मिळणें कठीण.

मात्र चिकटवलेल्या ठिगळांवर अविश्वासच ठेवावा, असा ह्याचा अर्थ नाहीं. मेलबर्न येथील वैमानिक संशोधनशाळेंत ॲलन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बोरॉनच्या तंतूंचीं ठिगळें हर्क्युलीस आणि मिराज विमानांच्या भेगाळलेल्या ॲल्युमिनियमवर चिकटविलीं. भोंकें न पाडतां, पंख न बदलतां, भेगांची वाढ रोखली गेली. त्यांच्या यशाचें मर्म तंतूंत जितकें होतें, तितकेंच चिकटविण्यापूर्वीं धातूचा पृष्ठभाग तयार करण्याच्या चिकाटींत होतें.

तो पृष्ठभाग तयार करणें म्हणजे काय? घासणें, पुसणें, पुन्हां घासणें, आणि मग शुद्ध पाण्याचा फवारा मारून पाहणें. पाणी सलग पातळ पडद्यासारखें पसरलें तर जागा स्वच्छ. अळवाच्या पानावर जसे थेंब गोळा होतात तसे झाले तर कोठें तरी स्निग्धता आहे. ही कसोटी दिसायला पोरकट आहे, पण ती खोटें बोलत नाहीं. नंतर तेंच पाणी शत्रु होतें. कार्बनचें कवच वर्षानुवर्षें हवेंतील ओल पितें. आपल्या वजनाच्या शेंकडा एक-दीड भागापर्यंत तें पाणी धरूं शकतें. ठिगळावर निर्वात पिशवी घालून आंतील हवा उपसतात, म्हणजे बाहेरच्या हवेचा भार ठिगळ दाबून धरतो. समुद्रकांठीं हा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो असतो. नाशिक सहाशें मीटर उंच असल्यामुळें तेथें तो सहा-सात टक्क्यांनीं कमी. आणि गोंद १२० अंशांवर तापवला कीं मुरलेल्या पाण्याची वाफ हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबानें बाहेर येऊं पाहते. स्वयंपाकघरांतल्या प्रेशर कुकरची शिटी साधारण ह्याच उष्णतेला वाजते. कुकरच्या झांकणाला जे धरवत नाहीं तें पिशवीला कसें धरवेल? गोंदांत बुडबुडे होतात, आणि ठिगळ खव्याच्या वडीसारखें सच्छिद्र होतें. म्हणून दुरुस्तीपूर्वीं कवच मंद उष्णतेनें तासन् तास वाळवावें लागतें. ज्याला घाई आहे त्यानें ह्या कामांत पडूं नये. शीतपेटींतून काढलेली गोंदाची गुंडाळीहि ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत बंद पिशवींतच ठेवतात. आषाढांत थंड बाटली बाहेर काढली कीं तिला जसा घाम सुटतो, तसाच ह्या गुंडाळीलाहि सुटतो, आणि तो घाम गोंदांत मिसळतो.

ठिगळ घट्ट झाल्यावर त्याची तपासणी होते. पहिली रीत बाजारांतल्या बाईची आहे: मडकें बोटानें वाजवून घ्यावें. लहानशा हातोडीनें किंवा नाण्यानें ठिगळावर ठिकठिकाणीं ठोकतात. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आंत पोकळी. दुसरी रीत अश्राव्य ध्वनीच्या लहरींची. ती बारीक पोकळीहि दाखविते. पण दोन्ही रीती पोकळी शोधतात, बळ शोधीत नाहींत. गोंद पृष्ठभागाला अगदीं टेकला आहे पण चिकटला नाहीं, अशा जागेंतून लहर निर्वेध पलीकडे जाते. शास्त्रज्ञ गेलीं अनेक वर्षें ह्या कोड्याशीं झुंजत आहेत.

म्हणून विमान-सुरक्षेच्या नियमांनीं मोठा सावध मार्ग धरला आहे. विमानाच्या आयुष्यांत जास्तींत जास्त जो भार येणें संभवतें त्याला मर्यादा-भार म्हणतात, आणि सांगाडा त्याच्या दीडपट भार सोसेल असा बांधतात. महत्त्वाच्या भागावरचें ठिगळ उत्तम केलें तर ही दीडपट शक्ति परत येते. पण नियम विचारतो: समजा हें ठिगळ उद्यां संपूर्ण निघून पडलें, तर उरलेला सांगाडा मर्यादा-भार सोसून विमानाला जमिनीवर आणील काय? उत्तर होय असेल तरच चिकटवण्याची परवानगी. नाहीं तर बोल्ट लावा, किंवा सबंध भाग बदला. त्यामुळें चिकटवण्याच्या दुरुस्तीचा आकार आपोआप मर्यादित होतो. कुशल कारागिरांना हा नियम अपमानकारक वाटतो. आमच्या हातावर विश्वास नसेल तर शिकविलें कशाला, असा त्यांचा रोख असतो, आणि त्यांत तथ्यहि आहे. ह्या नियमापायीं चांगलीं कवचें निष्कारण भंगारांत जातात. परंतु वैमानिकाच्या जागीं बसून पाहिलें तर नियमकर्त्यांची बाजू पटते. ज्या गोष्टीची परीक्षा घेतांच येत नाहीं, तिच्यावर त्याचा जीव एकट्यानें टांगणें योग्य नव्हे.

तरी परीक्षा अगदींच नसते असें नाहीं. ठिगळ बसवितांना त्याच गुंडाळींतल्या गोंदाच्या, त्याच हातांनीं घासलेल्या, त्याच दिवशीं चिकटविलेल्या कांहीं लहान पट्ट्या शेजारीं ठेवतात. ठिगळाला जी उष्णता मिळते तीच त्यांना, जो दाब तोच त्यांना. विमान जागेवर उभें असतें; पट्ट्या ताणयंत्राकडे जातात. तेथें त्या एकेक करून तोडतात, आंकडा लिहून घेतात, आणि मग तुटलेले दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहतात, गोंद दोहोंवर राहिला आहे कीं नाहीं. दुरुस्तीच्या कागदावर सही होते ती त्यानंतर.